थंडीत दारं लावून घेतल्यावर सगळ्या घराला एका सतरंजीवर कसं खेळवायचं

निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर आल्याची बातमी आली की नाशिकमध्ये संध्याकाळी सातनंतर खिडक्या बंद. त्यात नाताळची सुट्टी, म्हणजे घरात भाचरं, जाऊबाई, सासूबाई, सगळेच. इंदिरानगरातल्या आमच्या दोन खोल्यांत एवढ्या लोकांना टीव्ही आणि मोबाइलपासून लांब ठेवायचं तर खेळ असा हवा, की सात वर्षांची भाची आणि पंचाहत्तरीच्या सासूबाई दोघींनाही जिंकता यायला हवं. म्हणजे डोकं थोडं आणि नशीब जास्त.

आधी बसायची सोय बघा. फरशी गार पडते, म्हणून सतरंजी दुहेरी घाला, वर जुनी गोधडी टाका. ज्यांना मांडी घालता येत नाही त्यांच्यासाठी भिंतीला तक्क्या लावा. आणि ऊब हवी म्हणून कोळशाची शेगडी बंद खोलीत आणू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि तो जीव घेतो. स्वेटर घाला, आल्याचा चहा घ्या.

माझ्या मते थंडीतला राजा चल्लस-आठ. बाजारातून काही आणावं लागत नाही. पुठ्ठ्यावर उभी-आडवी पाच-पाच, म्हणजे 25 घरं आखा. चारी बाजूंच्या मधल्या घरांवर आणि अगदी मधोमधच्या घरावर फुली मारा. प्रत्येकाचं घर म्हणजे आपल्या बाजूची मधली फुली. तिथून चार-चार सोंगट्या निघतात. एकाचे शेंगदाणे, दुसऱ्याच्या शर्टाची बटणं, तिसऱ्याचे हरभरे, चौथ्याचे राजमे. फक्त शेंगदाणेवाला खेळ संपेपर्यंत उपाशी राहील याची खात्री करून घ्या.

फाशांऐवजी चिंचोके. चार चिंचोके घेऊन खरखरीत दगडावर एका बाजूने घासत बसायचं. तपकिरी साल गेली की पांढरं दिसायला लागतं. हे काम पोरांना द्या, अर्धा तास शांततेत जातो. टाकल्यावर जितके पांढरे वर तितकं दान: एक, दोन, तीन. चारही पांढरे आले तर चार, चारही काळे आले तर आठ. चार किंवा आठ पडलं की आणखी एकदा टाकायचं.

सोंगटी बाहेरच्या घरांतून घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. दुसऱ्याच्या सोंगटीवर जाऊन बसलात तर ती मेली, परत आपल्या घरी. मारणाऱ्याला पुन्हा एक दान. फुलीवर मात्र कोणी कोणाला मारत नाही. फेरी पूर्ण झाली की आत शिरायचं, पण निदान एक सोंगटी मारलेली असेल तरच. आतली आठ घरं उलटी, म्हणजे घड्याळाच्या दिशेने, आणि मग मधली फुली. तिथे पोचायला नेमकं तेवढंच दान पडावं लागतं. चारही सोंगट्या आधी पोचवेल तो जिंकला. नियम घरोघरी थोडे वेगळे असतात, तेव्हा पहिलं दान टाकायच्या आधी ठरवून घ्या, नाहीतर रात्री अकराला वाद होतात. लहान मुलं असतील तर मारल्याशिवाय आत न जाण्याची अट मी काढून टाकते.

माणसं चारापेक्षा जास्त असली तर जोड्या लावा: मोठ्याने चिंचोके टाकायचे, लहानाने सोंगटी चालवायची. सासूबाई जागेवरून ओरडतात, "अगं, त्या काळ्या बटणाला मार की, सोडतेस कशाला!" भाची मारतेच. कॅरम मला याच कारणाने गर्दीत नको वाटतो, चौघं खेळतात आणि बाकीचे बोरिक पावडर उडवतात.

हात रजईत ठेवून खेळायचं असेल तर गावांच्या भेंड्या. आम्ही गावं फक्त नाशिक जिल्ह्यातली घेतो. तालुकेच 15 आहेत, त्यामुळे सुरुवात सोपी जाते. नाशिक, मग क वरून कळवण, ण वर अडायला नको म्हणून न धरायचा: नांदगाव, व वरून वणी, पुन्हा न वरून निफाड. ड आला की सगळे गप्प. सिन्नरजवळचं डुबेरे ज्याला आठवेल त्याने पहिल्या बाजीरावाचं जन्मगाव म्हणून भाव खाऊन घ्यावा. मग र वरून मालेगावकडचं रावळगाव, व वरून विंचूर. पत्त्यांत बदाम सात पुरे, तो सगळ्यांना येतो, शिकवायची भानगड नाही.

संक्रांत जवळ आली असेल तर एक संध्याकाळ हलव्याला द्या. कोरडी थंडी असली की काटा चांगला येतो. साखर बुडेल इतकं पाणी घालून उकळा, चमचाभर दूध घाला, वर येणारी मळी काढा, पातळसर एकतारी पाक करून गाळून घ्या. जाड बुडाच्या कढईत मूठभर तीळ किंवा खसखस, गॅस अगदी मंद. एक छोटा चमचा पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी हलकेच फिरवत राहायचं, रगडायचं नाही. तो सुकला की पुढचा चमचा. पाऊण तासात कंटाळा येतो, म्हणून पाळ्या लावा. कढईशी मोठं माणूस हवंच, लहानांनी चमच्याने पाक सोडावा. पहिल्या दिवशी दाणे नुसते पांढरे दिसतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काटे धरायला लागले की पोरं आपणहून पाळी मागतात. हलवा पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, गरम भरला तर वाफेने काटे बसतात.