जुना मायक्रोकॉम्प्युटर सिरियल केबलने आजच्या कॉम्प्युटरला कसा जोडावा

फ्लॉपी ड्राइव्हवर भरवसा उरला नसेल, तर जुन्या मशीनमधल्या फाइली बाहेर काढायला सिरियल पोर्ट (एकामागून एक बिट पाठवणारी जोडणी) हा सर्वांत सरळ मार्ग. मुळात तीनच तारा लागतात: पाठवण्याची, घेण्याची आणि ग्राउंडची.

पण तारा हातात घेण्याआधी व्होल्टेज तपासा. आरएस-२३२ या सिरियल पोर्टच्या मानकात १ हा बिट ऋण आणि ० हा बिट धन व्होल्टेजने जातो, साधारण ५ ते १५ व्होल्ट. कमोडोर ६४ या जुन्या घरगुती कॉम्प्युटरचा यूझर पोर्ट मात्र ० ते ५ व्होल्टचा, म्हणजे टीटीएल. त्याला थेट आरएस-२३२ जोडलंत तर आतली चिप जळू शकते. मध्ये व्होल्टेज बदलून देणारा मॅक्स २३२ चिपचा कन्व्हर्टर हवाच. आजच्या कॉम्प्युटरला लावायचे यूएसबी-सिरियल अडॅप्टरही दोन्ही जातींचे मिळतात. सुट्या पिनांचे बहुधा टीटीएल असतात, ९ पिनी कनेक्टरवाले बहुधा आरएस-२३२.

आता जुन्या मशीनकडे वळण्याआधी नुसता अडॅप्टर तपासून घ्या. ९ पिनी कनेक्टरच्या २ आणि ३ नंबरच्या पिना एकमेकींना जोडा, टेरा टर्म किंवा मिनिकॉम हा टर्मिनल प्रोग्रॅम उघडा, लोकल एको (टाइप केलेलं स्वतःच पडद्यावर दाखवणं) आणि फ्लो कंट्रोल (थांब-पाठव असे इशारे) बंद करा आणि टाइप करा. अक्षरं परत आली की ही बाजू ठीक. हे पाच मिनिटांचं काम टाळणारे पुढे तासन्‌तास जुन्या मशीनला दोष देत बसतात.

मग केबल. दोन्ही मशीन कॉम्प्युटरच असल्याने एकाचं पाठवणं दुसऱ्याच्या घेण्याला जोडायचं. यालाच नल मोडेम म्हणतात. दोन्हीकडे ९ पिना असतील तर २ आणि ३ ची अदलाबदल करा, ५ ला ५. जुन्या मशीनला २५ पिनी पोर्ट असेल तर गंमत आहे: तिथे २ पाठवते आणि ३ घेते, म्हणजे ९ पिनीच्या बरोबर उलट. त्यामुळे २ ला २, ३ ला ३ आणि ५ ला ७ जोडलं की अदलाबदल आपोआप होते. काही मशीन समोरून होकार आल्याशिवाय एक अक्षरही सोडत नाहीत. त्यांच्यासाठी २५ पिनीच्याच बाजूला ४ ला ५, आणि ६, ८, २० एकत्र जोडा. जोडणी दोन्ही मशीन बंद ठेवूनच करा.

दोन्हीकडे १२०० बॉड (सेकंदाला इतके बिट), ८ डेटा बिट, पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट) नाही, १ स्टॉप बिट (अक्षर संपल्याची खूण) ठेवून सुरुवात करा. काहीच दिसत नसेल तर आधी तारा पाहा. सगळाच कचरा येत असेल तर वेग जुळत नाही. ए, बी, डी नीट पण सी, ई, एफ विचित्र दिसत असतील, तर जुनं मशीन ७ बिट आणि सम पॅरिटीने पाठवतंय. सी, ई, एफ च्या बिटांत १ ची संख्या विषम असते, म्हणून पॅरिटीचा बिट आठव्या जागी चढून बसतो.

जमलं की ९६०० वर जा. सेकंदाला ९६० बाइट म्हणजे ३६० केबीची फ्लॉपी साडेसहा मिनिटांच्या आसपास. त्याहून वेग वाढवला की जुन्या पोर्टचा एका बाइटचा बफर (तात्पुरती साठवण) भरून अक्षरं गळू शकतात.

फाइली नुसत्या ओतू नका. १९७७ चा एक्समोडेम हा फाइली पाठवण्याचा प्रोटोकॉल १२८ बाइटांचे गठ्ठे तपासत पाठवतो, चुकलेला गठ्ठा परत मागतो. कर्मिटही तसाच भरवशाचा. हे प्रोग्रॅम जुन्या मशीनवर नसतील तर बेसिक भाषेत फाइल घेणारा छोटा प्रोग्रॅम हातानेच टाइप करावा लागतो. अ‍ॅपल टूवाल्यांचं नशीब चांगलं: एडीटीप्रो हा डिस्क पाठवण्या-घेण्याचा प्रोग्रॅम स्वतःलाच सिरियल केबलवरून मशीनमध्ये उतरवू शकतो.