कापडी पॅड की कप? आधी घरातलं पाणी आणि ऊन बघा

पाळीत वापरायची जुन्या लुगड्याची घडी बदनाम झाली ती वाळवण्याच्या पद्धतीमुळे. धुतलेलं कापड कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून मोरीच्या कोपऱ्यात, परकराखाली झाकून टाकायचं. तिथे ते वाळायचंच नाही. दमट कापड पुन्हा अंगाला लागलं की खाज, पुरळ, कुबट वास. आजच्या टिचबटणांच्या कापडी पॅडचंही असंच होऊ शकतं. म्हणून ब्रँड निवडण्याआधी तीन गोष्टी बघा: पाळीच्या दिवसांत रोज अर्धी बादली जास्तीचं पाणी मिळतं का, दोरीवर थेट ऊन येतं का, आणि तिथे पॅड दिवसभर उघड्यावर वाळत घालता येतो का. तिन्हींचं उत्तर हो असेल तर कापड घ्या. मराठवाड्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या घरात, वसतिगृहाच्या खोलीत किंवा ऊन न येणाऱ्या सदनिकेत कप, म्हणजे योनीमार्गात घालायचा, पाळीचं रक्त आतच साठवणारा छोटा मऊ पेला, सोयीचा पडतो.

कापडाचं गणित सोपं आहे. पाच दिवसांची पाळी आणि रोजचं धुणं धरलं तर दिवसाचे ६ आणि रात्रीचे २ मोठे पॅड पुरतात. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यासाठी १० ठेवा. सगळे एकदम घेऊ नका. आधी दोनच घ्या आणि पाळीच्या शेवटच्या, कमी अंगावर जाण्याच्या दिवशी घरी वापरून बघा. कोरं सुती कापड पाणी नीट शोषत नाही, त्यामुळे वापरण्याआधी २-३ वेळा धुवा. हे न केल्याने पहिल्याच दिवशी डाग पडतो आणि पॅडला दोष दिला जातो. पॅड साधारण दर ४ ते ६ तासांनी बदला, जास्त जात असेल तर त्याआधीच.

धुताना पहिलं पाणी नेहमी गार. गरम पाण्याने रक्तातली प्रथिनं धाग्यात घट्ट बसतात आणि डाग पक्का होतो. लाल पाणी निघून जाईपर्यंत खळबळा, अर्धा तास गार पाण्यात भिजवा, मग साध्या साबणाने चोळून साबण पूर्ण जाईपर्यंत धुवा. रात्रभर भिजत ठेवलं तर त्या पाण्यालाच वास येतो. कपडे मऊ करणारं कंडिशनर टाळा. धाग्यांवर त्याचा थर बसतो आणि पॅड शोषेनासा होतो. बाहेर बदललेला पॅड आतल्या बाजूने दुमडून, पंख गुंडाळून टिचबटण लावा आणि पाणी न झिरपणाऱ्या पिशवीत टाकून घरी आणा.

खरी कसोटी वाळवण्याची. पाच-सहा थर एकत्र शिवलेला जाड पॅड वरून कोरडा लागतो, आत ओल राहते. गालाला दाबून बघा: गार लागला तर वाळलेला नाही. म्हणून आपल्या हवामानात घडी उलगडून एकपदरी वाळवता येईल किंवा आतली पट्टी वेगळी काढता येईल असाच पॅड घ्या. पावसात पंख्याखाली पसरा आणि शेवटी सुती बाजूने इस्त्री फिरवा. खालच्या बाजूला पाणी अडवणारा पातळ पडदा असेल तर तिकडून इस्त्री नको, तो वितळतो.

कपाला शिकण्याचा काळ लागतो. दोन-तीन पाळ्या त्यासाठी धरूनच चाला. कप वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनचा असावा. मापासाठी पाळीच्या दिवशी स्वच्छ धुतलेलं मधलं बोट योनीमार्गात घालून गर्भाशयाचं तोंड कुठे लागतं ते बघा. ते नाकाच्या शेंड्यासारखं, किंचित टणक लागतं. पहिल्या पेऱ्यालाच लागलं तर आखूड कप घ्या, नाहीतर कपाच्या बुडाला असलेलं देठ बाहेर टोचत राहील. जास्तीचं देठ थोडं थोडं कापता येतं, पण कप बाहेर काढूनच. मोठं माप बाळंतपण झालेल्यांसाठी, असा ढोबळ सल्ला दिला जातो. तरीही हे बोटाचं माप जास्त उपयोगी.

कप पहिल्यांदा वापरताना आणि नंतर प्रत्येक पाळीआधी ५ ते ७ मिनिटं भरपूर पाण्यात उकळा. तो पातेल्याच्या तळाला टेकला तर जळतो. वेगळ्या ठेवलेल्या स्टीलच्या गाळणीत घालून बुडवला तर ती भीती नाही. पाणी आटतंय का यावर लक्ष असू द्या.

आत घालताना उकिडवं बसा किंवा एक पाय बादलीवर ठेवा. काठाचा एक भाग बोटाने आत दाबला की कपाचं टोक निमुळतं होतं, नवशिक्यांना ही घडी सोपी. कप पाण्याने ओला करा आणि सरळ वर न ढकलता माकडहाडाच्या दिशेने सरकवा. इथेच बहुतेक जणी चुकतात, वर ढकलतात आणि दुखतं. कप आत उघडला की बुडाभोवती बोट फिरवा. सगळीकडे गोल लागला पाहिजे. खळगा लागला तर तो उघडलेला नाही आणि गळणार. बुड धरून थोडा फिरवा. गळण्याची आणखी दोन कारणं असतात: कप गर्भाशयाच्या तोंडाच्या बाजूला सरकून बसणं आणि काठाजवळची बारीक भोकं बुजणं. भोकं साफ करायला कप पाण्याने भरा, तोंडावर तळहात दाबून उलटा करा आणि पिळा. भोकांतून पाण्याच्या धारा निघतात. सुरुवातीच्या पाळ्यांत खाली कापडी पॅड लावाच.

काढताना देठ ओढू नका. कप निर्वाताने धरलेला असतो, ओढलं तर आतल्या भागावर ताण येतो. शौचाला कुंथतो तसं हलकं कुंथा, कप खाली आला की बुड चिमटीत दाबा, हवा शिरू द्या आणि डोलवत डोलवत काढा. हाताला लागला नाही तर घाबरू नका. गर्भाशयाचं तोंड इतकं अरुंद असतं की कप पलीकडे जाऊच शकत नाही. अर्धा तास थांबून परत बघा. रिकामा करून पाण्याने धुवा आणि पुन्हा घाला. साबण वापरलात तर बिनवासाचा, आणि तो पूर्ण धुऊन टाका. जंतुनाशकं लावू नका. सार्वजनिक स्वच्छतागृहात बाटलीभर पाणी पुरतं. वेळेची मर्यादा पाकिटावर लिहिलेली असते, बहुतेक कपांना ८ ते १२ तास. ती ओलांडू नका. पाळी संपल्यावर कप हवा लागणाऱ्या सुती पिशवीत ठेवा, बंद डबीत नको. डाग पडला म्हणून कप वाया जात नाही. चिकट झाला, चिरला किंवा त्यावर पूड जाणवली तर टाकून द्या.

तांबी बसवलेली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कप वापरू नका. काढताना तांबीही सरकू शकते. बाळंतपणानंतर डॉक्टरांनी तपासून परवानगी दिल्याशिवायही नको. लग्न न झालेल्या मुलीला कप चालतो. योनिपटल ताणलं जाऊ शकतं, आणि त्यावरून तिच्याविषयी काहीही ठरत नाही. पण तिची इच्छा नसेल तर आईने आग्रह धरू नये. कापडी पॅड किंवा शोषणारी पँटी आहेच.

कपावरच्या मिलिलिटरच्या खुणा मात्र जरूर वाचा. एका पाळीत बहुतेकींचं रक्त ३० ते ४० मिलिलिटर जातं. एकूण ८० च्या वर जात असेल, किंवा कप दोन तासांतच भरतोय असं वारंवार होत असेल, तर डॉक्टरांना आकडा सांगा. "खूप जातं" यापेक्षा त्यांना तो उपयोगी पडतो. कप घातलेला असताना अचानक ताप, उलट्या आणि अंगावर पुरळ आली तर कप लगेच काढून दवाखाना गाठा. हा त्रास फार विरळा आहे, पण तो अंगावर काढायचा नसतो.

घरात उरलेली फेकायची पॅड प्रवासासाठी ठेवून द्या. वापरून झाली की कागदात गुंडाळून त्यावर मोठा लाल ठिपका काढा आणि इतर कचऱ्यापासून वेगळी द्या. कचरा हाताने वेगळा करणाऱ्या बाईला तो ठिपका बघून पुडी उघडावी लागत नाही.