आधी खिडकी उघडा: श्टुटगार्टला नव्याने येणाऱ्यांसाठी

दर सप्टेंबर-ऑक्टोबरात इथे जर्मनीत आमच्या ओळखीत दोन-तीन नवी कुटुंबं येतात. कागदपत्रांची फाइल चोख असते, ब्लू कार्ड, म्हणजे नोकरीवर राहायचा परवाना असतो, आणि पहिला प्रश्न हमखास टॅक्स क्लासचा, म्हणजे पगारावर कर कुठल्या वर्गाने कापतात त्याचा असतो. श्वास कसा घ्यायचा, पाणी कुठलं प्यायचं, झोपायचं कसं, हे कुणी विचारत नाही. हे काय विचारायचं! मीही सोळा वर्षांपूर्वी मिरजेहून आले तेव्हा विचारलं नव्हतं. म्हणून टॅक्सचं तुमच्या नवऱ्यांना किंवा बायकांना विचारा, मी पोटापाण्याचं आणि त्याच्याही आधीच्या हवेचं सांगते.

आमचं पहिलं घर श्टुटगार्टातल्याच फॉयरबाख भागात, दुसऱ्या मजल्यावर. नोव्हेंबर महिना. खालच्या मजल्यावरच्या आजी जिन्यात भेटल्या की हातवारे करून म्हणायच्या, ‘ल्युफ्टेन, ल्युफ्टेन!’ म्हणजे हवा येऊ द्या. मला वाटलं, आमच्या फोडणीचा वास येतो म्हणून टोमणा मारतात. मला राग आला. मी खिडक्या आणखी घट्ट लावून घेतल्या, वास बाहेर जायला नको आणि थंडी आत यायला नको. दोन वेळा कुकर, सकाळी तिघांच्या कढत पाण्याच्या अंघोळी, धुतलेले कपडे झोपायच्या खोलीत स्टँडवर. फेब्रुवारीत कपाट सरकवलं तर मागची भिंत खालपासून वरपर्यंत काळी. बुरशी. इथे तिला शिमेल म्हणतात, आणि हा शब्द तुम्ही ‘डांके’च्या, म्हणजे धन्यवादाच्या, आधी शिका.

घर सोडताना मालक टॉर्च घेऊन आला. आमची अनामत 1,950 युरो होती, त्यातले 430 परत मिळाले. बाकीचे भिंत खरवडण्यात आणि रंगात गेले असं त्याने लिहून दिलं. भांडायला ना भाषा होती, ना पुरावा. घराचा ताबा घेताना जो कागद भरतात, तो आम्ही न वाचता सही करून दिला होता. तेव्हा ताबा घ्याल त्या दिवशी प्रत्येक भिंतीचा, प्रत्येक कोपऱ्याचा फोटो काढा आणि असलेले डाग त्या कागदावर लिहायला लावा. भाडेकरूंची संघटना असते, मीटरफेराइन. तिची वर्गणी भरून ठेवा. अनामत कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून जास्त मागता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत देता येते, हेही आम्हाला नंतर कळलं.

आता हे असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे आजींसारखं मला रोज ओरडावं लागणार नाही. वीस अंशांची हवा एका घनमीटरमागे साधारण 17 ग्रॅम वाफ धरून ठेवू शकते, शून्य अंशांची जेमतेम 5. चार माणसांचं घर स्वयंपाक, अंघोळ, कपडे आणि नुसत्या श्वासातून दिवसाला दहाएक लिटर पाणी हवेत सोडतं. सांगलीकडच्या घरात ते फटीफटीतून निघून जातं. इथल्या खिडक्या डब्याच्या झाकणासारख्या बसतात. मग ती वाफ घरातली सगळ्यात गार जागा शोधते, म्हणजे बाहेरच्या भिंतीचा कोपरा, कपाटाच्या मागे, आणि तिथे पाणी होऊन बसते.

म्हणून दिवसातून तीन-चार वेळा, पाच ते दहा मिनिटं, खिडक्या सताड उघडायच्या. जमल्यास समोरासमोरच्या. तेवढ्यापुरता हीटर बंद. उठल्यावर, स्वयंपाक झाल्यावर, अंघोळ झाल्यावर आणि झोपायच्या आधी. इथल्या खिडकीची मूठ वर फिरवली की ती वरून थोडी कलते. आपली मंडळी ती तशी कललेली ठेवून दिवसभर कामाला जातात आणि वर सांगतात, ‘आम्ही खिडकी उघडी ठेवतो की!’ त्याने हवा फारशी बदलत नाही, भिंत मात्र गार पडते आणि हीटरचे पैसे रस्त्यावर जातात. बाहेर पाऊस असला तरी उघडा. हे कुणाला पटत नाही, पण बाहेरच्या थंड पावसाळी हवेत तुमच्या घरापेक्षा कमी पाणी असतं. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र दहाएक युरोला मिळतं. साठ टक्क्यांच्या वर आकडा गेला की उठा.

खिडकी उघडायची म्हणजे जिन्याकडचं दार उघडायचं नव्हे. ते केलंत तर मात्र खरोखर फोडणीबद्दल तक्रार येईल. मिरचीची फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार लावा, नाहीतर पॅसेजमधला धुराचा अलार्म बोंबलतो. त्याची बॅटरी काढून ठेवणारे महाभाग मला माहीत आहेत. तो लावणं कायद्याने सक्तीचं आहे आणि तो तुमच्याच जिवासाठी आहे. कोळशाची शेगडी घरात पेटवायची नाही, बंद बाल्कनीतही नाही. कोळशातून निघणाऱ्या विषारी वायूला, कार्बन मोनॉक्साइडला, वास नसतो.

हीटरच्या नॉबवर 1 ते 5 आकडे असतात. तो पंख्याचा रेग्युलेटर नाही. 3 म्हणजे साधारण वीस अंश. 5 वर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त जास्त तापते. ‘वार्ममीटे’ म्हणजे हीटरसकट सांगितलेलं भाडं. त्यात सगळं आलं असा समज करून घेऊ नका. त्यातला हीटरचा पैसा आगाऊ असतो, खरा हिशेब वर्ष संपल्यावर येतो, कधीकधी पुढचं वर्ष संपता संपता. तेवढी रक्कम बाजूला ठेवा.

पाणी नळाचं प्या. शहराला बरंचसं पाणी बोडनझे तलावातून येतं, झिपलिंगेनजवळ साठ मीटर खोलीवरून उपसलेलं. भारतातून फिल्टर आणू नका. हॉटेलात पाणी फुकट आणून ठेवत नाहीत, आणि ‘श्टिलेस’, म्हणजे साधं, म्हटलं नाहीत तर सोडा येतो. संडासात पाण्याची सोय नसते. बाटली ठेवा, भाड्याच्या घराच्या फरशीला भोक पाडून जेट बसवू नका.

जेवणाचं मात्र इथे उगाच रडगाणं असतं. भाजी तुर्की दुकानात घ्या. कोथिंबीर, पुदिना, भेंडी, वांगी, आणि जर्मन सुपरमार्केटसारखी तीन काड्यांची नव्हे, चांगली जुडी. कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा, नारळ लंकेच्या तमिळ लोकांकडे. श्रीखंडाला चक्का टांगत बसू नका, क्वार्क आणा, इथलं चक्क्यासारखं ताजं चीज. पाणी थोडं निथळू द्या, साखर, वेलची, केशर, झालं. पाडव्याला मी दोन किलोचं करते आणि पाहुणे विचारतात, चक्का कुठून आणला! ‘बुटरमिल्श’चं ताक आणि कढी उत्तम होते. बिनमिठाचं लोणी कढवा, तूप घरच्यासारखं.

हे सांगते, कारण बॅगेत तूप, पेढे, बर्फी आणायला बंदी आहे. युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाला आणता येत नाहीत. ताजा कढीपत्ता, आंबे हेही प्रमाणपत्राशिवाय नाही. तरी दरवर्षी कुणीतरी सासूबाईंनी दिलेलं तूप फ्रँकफर्टला कचऱ्याच्या पेटीत टाकून डोळे पुसत बाहेर येतं. डाळी इथे मिळतात. त्या वजनात गोडा मसाला, मेतकूट आणि ज्वारीचं पीठ आणा, भाकरीचं पीठ इथे सहज सापडत नाही.

शाकाहारी असाल तर इथली मसुराची आमटी, ‘लिन्झन मिट श्पेट्झले’, पाहून हुरळून जाऊ नका. सोबतचं सॉसेज दिसतं, पण आमटीत शिजवलेला डुकराचा तुकडा बहुतेक वेळा दिसत नाही. विचारा. रविवारी दुकानं बंद. राज्यघटनेनेच रविवारला विश्रांतीचा दिवस म्हणून संरक्षण आहे, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नाही. शनिवारी संध्याकाळी दूध आहे का बघा. अगदीच अडलं तर मोठ्या स्टेशनवरची दुकानं उघडी असतात, दाम मात्र स्टेशनचे.

झोप. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची. चटणीचा मिक्सर दहाच्या आत. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो, मुलं झोपत नाहीत. त्यासाठीच खिडक्यांना बाहेरून पडदेवजा झडपा असतात, त्या खाली ओढा. डिसेंबरात साडेचारला अंधार. ऑक्टोबर ते मार्च इथल्या उन्हाने कातडीत पुरेसं ड जीवनसत्त्व तयार होत नाही, आपल्या रंगाला तर त्याहून कमी. डॉक्टरांना विचारून गोळी सुरू करा. भारतातली 60,000 युनिटची पाकिटं मनाने फोडू नका. इथली शिफारस ऊन नसताना रोज 800 युनिटची आहे.

कोट पुण्यात घेऊ नका. इथे घ्या, आणि आधी बूट.

आजारी पडण्याआधी जवळचा हाउसआर्ट्स्ट, म्हणजे फॅमिली डॉक्टर, गाठून नाव नोंदवा. रात्री-अपरात्री ताप आला तर 116117, जिवावर बेतलं तर 112. फोनवर पत्ता सांगण्याइतकी तरी जर्मन शिका. इथे पंधरा वर्षं राहून ‘त्श्यूस’च्या, म्हणजे टाटाच्या, पुढे न गेलेले आपले लोक पुष्कळ आहेत, वर तेच सांगतात, जर्मन माणूस बोलत नाही. आमच्या आजी रोज बोलत होत्या, मलाच कळत नव्हतं.

घर लावताना मदत लागली तर हाक मारा. बाहेरच्या भिंतीपासून कपाट दहा सेंटिमीटर लांब हवं, आणि ते मी पट्टी लावून मोजते.