परक्याच्या शेतात मेटल डिटेक्टर लावण्याआधी परवानगी कशी मागावी

मी इंग्लंडच्या पूर्वेकडे, सफोकमध्ये राहते आणि सुट्टीच्या दिवशी जमिनीतली जुनी नाणी-वस्तू शोधायला मेटल डिटेक्टर घेऊन शेतं पालथी घालते. इथे नव्याने आलेली आपली मंडळी मला पहिला प्रश्न विचारतात, "यंत्र कोणतं घेऊ?" यंत्राचं नंतर बघू. आधी जमीन कोणाची ते बघा.

इंग्लंड आणि वेल्समध्ये डिटेक्टर बाळगायला परवाना लागत नाही, त्यामुळे कुठेही लावला तरी चालतो असा समज होतो. तसं नाही. गावचं मैदान, चर्चचं आवार, रस्त्याकडेचा गवताचा पट्टा, ओसाड दिसणारं रान, प्रत्येक जागेला मालक आहे. शेतातून सार्वजनिक पायवाट गेलेली असली तर तुम्हाला तिथून चालायचा हक्क आहे, खणायचा नाही. न विचारता वस्तू उचलून खिशात टाकली तर ती चोरी होते.

आणि नुसता होकार मिळवला म्हणजेही काम झालं असं मी मानत नाही. शेतकरी कशाला हो म्हणतोय हे त्याला पुरतं कळलेलं असलं पाहिजे. जमिनीत काय सापडू शकतं, ते कायद्याने कोणाचं ठरतं, त्याची किंमत किती येऊ शकते, हे मला माहीत आहे आणि त्याला नाही, अशा अवस्थेत घेतलेली सही मला नको असते.

मालक शोधताना

ट्रॅक्टरवर बसलेला माणूस मालक असेलच असं नाही. इथली पुष्कळ शेतं कुळं कसतात आणि मालकी एखाद्या इस्टेटीची, कॉलेजची, चर्चची किंवा काउंटी कौन्सिलची (आपल्या जिल्हा परिषदेसारखी) असते. दोघांचीही परवानगी घ्या. मालकाची घ्यायची कारण जमीन त्याची, कुळाची घ्यायची कारण पीक, गुरं आणि फाटकं त्याची. कूळ म्हणालं, "मालकाला कशाला सांगायचं, मी आहे ना," तरी मालकाला कळवा. लँड रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर थोडे पौंड भरले की बहुतेक जमिनींच्या मालकाचं नाव मिळतं. सातबारा काढण्यासारखंच ते काम आहे.

आमच्याच सफोकमधली हॉक्सनची गोष्ट इथे सांगण्याजोगी आहे. नोव्हेंबर १९९२ मध्ये पीटर व्हॉटलिंग या शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली. ती शोधायला त्याने मित्राला, एरिक लॉजला, डिटेक्टर घेऊन बोलावलं. हातोडीच्या जागी रोमन काळातलं सोनं-चांदी लागलं. व्हॉटलिंग कूळ होता, जमीन काउंटी कौन्सिलची होती. लॉजने सगळं उकरून काढलं नाही. दोघांनी कौन्सिलला आणि पोलिसांना कळवलं आणि दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञांनी येऊन नीट उत्खनन केलं. जवळजवळ १५,००० नाणी, दागिने, चमचे, सगळं ज्या पेटीत जसं रचलं होतं त्याचा अंदाज बांधता आला. लॉजला १७.५ लाख पौंड मिळाले, ते त्याने व्हॉटलिंगबरोबर वाटून घेतले. हातोडीही सापडली, ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

विचारायला जाण्याआधी

मॅजिक नावाचा सरकारी ऑनलाइन नकाशा उघडा आणि ते शेत संरक्षित स्मारकात येतं का ते पाहा. येत असेल तर १९७९ च्या कायद्याप्रमाणे हिस्टॉरिक इंग्लंड या सरकारी वारसा-संस्थेच्या लेखी संमतीशिवाय तिथे डिटेक्टर लावणंच गुन्हा आहे. मालक हो म्हणाला तरी. निसर्गासाठी राखलेली किंवा पर्यावरण योजनेत घातलेली जमीन असेल तर तिथले निर्बंध वेगळे. शेतकऱ्याने योजनेचं अनुदान घेतलेलं असतं आणि तुमच्या खड्ड्यामुळे ते अडचणीत येऊ शकतं, म्हणून हा प्रश्न तुम्हीच काढा. वारसास्थळं सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या जमिनीचा नाद सोडा.

विम्याचीही सोय करा. नॅशनल कौन्सिल फॉर मेटल डिटेक्टिंग या डिटेक्टरवाल्यांच्या संघटनेचं सदस्यत्व घेतलं की १ कोटी पौंडांचा सार्वजनिक दायित्व विमा मिळतो. फाटक उघडं राहून गुरं रस्त्यावर गेली तर भुर्दंड शेतकऱ्यावर पडू नये.

कसं विचारायचं

ऑगस्टमध्ये काढणी चालू असताना दार ठोठावू नका. वसंतात मेंढ्या व्यायच्या दिवसांतही नको. मी फलटणकडच्या शेतकरी घरातली. सुगीत दारात आलेल्या पाहुण्याला चहा देतानासुद्धा घरच्यांचं लक्ष खळ्याकडे असायचं, हे मी पाहिलेलं आहे. हिवाळ्यात कामं जरा सैल होतात, तेव्हा आधी हाताने लिहिलेलं पत्र टाका आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी दिवसाउजेडी जाऊन भेटा. मी एकटीच जाते आणि यंत्र गाडीतसुद्धा ठेवत नाही, म्हणजे "आत्ताच सुरू करू का" असा दबाव समोरच्यावर येत नाही.

माझ्या पत्राचा मजकूर साधारण असा असतो:

"मी अमुक गावात राहते, अमुक ठिकाणी नोकरी करते. तुमच्या पाणवठ्यालगतच्या शेतात डिटेक्टर लावायची माझी इच्छा आहे. सापडेल ती प्रत्येक वस्तू तुम्हाला दाखवीन. कायद्याने तुमचा हक्क काय आहे ते सोबतच्या कागदावर लिहिलं आहे; वकिलाला किंवा मुलांना दाखवायचं असेल तर अवश्य दाखवा. नको असेल तर कारण देण्याची गरज नाही."

तो सोबतचा कागद मी सर्वात जपून लिहिते. त्यात पैशाचं सरळ लिहिलेलं असतं. १९९६ च्या ट्रेझर कायद्याप्रमाणे ३०० वर्षांहून जुनी आणि किमान १० टक्के सोनं किंवा चांदी असलेली वस्तू (एकटं नाणं सोडून), किंवा एकाच जागी सापडलेली तशी दोन वा अधिक नाणी, "ट्रेझर" ठरतात. २०२३ पासून २०० वर्षांहून जुन्या, असाधारण महत्त्वाच्या धातूच्या वस्तूही त्यात आल्या. अशी वस्तू सापडल्याचं १४ दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा प्रकरणांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवावं लागतं. प्रत्यक्षात आपण आपल्या काउंटीच्या फाइंड्स लिएझन ऑफिसरकडे, म्हणजे सापडलेल्या वस्तूंची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जातो. संग्रहालयाने ती घेतली तर बक्षिसाची रक्कम सहसा शोधणारा आणि मालक यांच्यात निम्मी-निम्मी होते.

बाकीचं सगळं, म्हणजे रोमन काळातली कांस्याची पिन, मध्ययुगीन बक्कल, एकटंदुकटं नाणं, मूळ हक्काने जमीनमालकाचं. हे बऱ्याच शेतकऱ्यांना ठाऊक नसतं आणि नेमकं हेच पुष्कळ जण सांगायचं टाळतात. "थोडीफार जुनी बटणं मिळतात हो," असं म्हणून सही घेतात. २०२१ मध्ये डेव्हनमधल्या एका शेतात तिसऱ्या हेन्रीच्या काळातलं एकच सोन्याचं नाणं सापडलं. एकटं असल्यामुळे ते ट्रेझर ठरलं नाही. लिलावात त्यावर ५,४०,००० पौंडांची बोली लागली. असं शंभर वर्षांत एकदा होईल, पण होऊ शकतं हे मालकाने सहीआधी ऐकलेलं असावं. हे ऐकून तो निम्म्याऐवजी जास्त वाटा मागेल? मागू दे. जमीन त्याची आहे.

कागदावर काय हवं

शेतांची नावं आणि नकाशा. कोणत्या महिन्यांत, किती माणसं. कापणीनंतरच्या धसकटांत की कुरणातही. वस्तूंची वाटणी, ट्रेझर आणि बिगर-ट्रेझर वेगवेगळी लिहून. कूळ असेल तर त्याचा वाटाही. नोंद कुठे होणार. आणि कोणत्याही क्षणी, कारण न देता परवानगी मागे घेण्याचा मालकाचा हक्क. दोन प्रती, दोघांच्या सह्या. मित्राला सोबत न्यायचं असेल तर दरवेळी आधी विचारायचं; तुम्हाला दिलेली परवानगी मित्राला आपोआप लागू होत नाही.

परवानगी मिळाल्यानंतर

दर वेळी निघण्याआधी फोन किंवा मेसेज करा: फवारणी झाली आहे का, बैल कुठल्या कुरणात आहे. फाटक जसं होतं तसं ठेवा. कुरणात गवताची चकती एका बाजूने जोडलेली ठेवून उचला आणि परत दाबून बसवा. नांगराच्या थराखाली जाऊ नका. खाली हाड, राखेचा थर किंवा एकत्र पडलेल्या वस्तू दिसल्या की हात थांबवा आणि फाइंड्स लिएझन ऑफिसरला बोलवा. मानवी हाडं किंवा जुना बॉम्ब वाटेल असं काही दिसलं तर दूर व्हा, पोलिसांना कळवा, मग लगेच शेतकऱ्याला. तार, काडतुसांची टोपणं, यंत्राने चिरडलेले डब्यांचे पत्रे, सगळं वेचून न्या. असा पत्रा चाऱ्यातून गुरांच्या पोटात जातो. एका शेतकरीणबाईंनी नाण्यांपेक्षा माझ्या भंगाराच्या पिशवीचं अधिक कौतुक केलं होतं.

वस्तू दाखवायच्या त्या निवडून नाही. माती लागलेल्या, सगळ्या.

जागेची गुप्तता हा यातला नाजूक भाग. पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंच्या नोंदणी योजनेत नोंद करताना अचूक ठिकाण द्यावं, त्याशिवाय अभ्यासकांना उपयोग नाही. लोकांना दिसणाऱ्या नोंदीत ते मोघम ठेवतात. हे शेतकऱ्याला समजावून सांगा, कारण त्याची भीती खरी आहे. १९८० च्या दशकात सफोकमधल्याच इकलिंगहॅमच्या शेतातून रोमन कांस्यमूर्ती चोरून खणून नेल्या गेल्या आणि त्या अमेरिकेत पोहोचल्या. रात्री येणाऱ्या अशा टोळ्या अजूनही आहेत. म्हणून शेताचं, गावाचं नाव, झाडं-कुंपण दिसणारा फोटो, काहीही समाजमाध्यमांवर टाकू नका. क्लबातही नको.

लपवण्याचा शेवट काय होतो तेही मालकाला आणि स्वतःला सांगून ठेवा. २०१५ मध्ये हेरफर्डशायरमध्ये लेम्स्टरजवळ दोघांना व्हायकिंग काळातला ठेवा सापडला. सुमारे ३०० नाणी असावीत. त्यांनी ती परस्पर विकायला काढली. २०१९ मध्ये एकाला १० आणि दुसऱ्याला साडेआठ वर्षांची शिक्षा झाली, अपिलात ती कमी झाली. बहुतेक नाणी अजून बेपत्ता आहेत.

नकार आला तर

आभार माना आणि निघा. शेजारच्या शेतात परवानगी असेल तर कुंपणापासून चार हात आतच राहा. नकार दिलेल्याला दरवर्षी पत्र पाठवत राहणं मला पटत नाही.

सुट्टीत भारतात गावी जाताना यंत्र बॅगेत घालायचा मोह ज्यांना होतो, त्यांच्यासाठी: इथली पद्धत तिथे लागू होत नाही. आपल्याकडे १८७८ चा निखात निधी कायदा आहे आणि दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. किल्ले, लेणी, संरक्षित स्मारकं यांच्या परिसरात खणणं गुन्हा आहे. घरच्या शेतात नांगराला काही लागलं तर हात न लावता तहसील कार्यालयात कळवा. इंग्लंडहून स्कॉटलंडला जाणाऱ्यांनीही लक्षात ठेवा, तिथे जुन्या वस्तूंवर हक्क राजसत्तेचा असतो आणि मालकाशी वाटणी ठरवण्याचा प्रश्नच येत नाही.

शेत विकलं गेलं, मालक वारला किंवा कूळ बदललं की जुना कागद संपला असं धरा. नव्या माणसाला जुनी सही दाखवून "चालूच आहे" म्हणू नका. पत्रापासून पुन्हा सुरुवात करा आणि आधीच्या वर्षांत त्या शेतात काय काय सापडलं त्याची यादी सोबत जोडा.