जुन्या वाटांवर सायकलने जाण्यापूर्वी दोघांनी करायची तयारी

प्राचीन वाटांवर मित्रासोबत दिवसभर सायकल चालवायची असेल, तर सर्वांत आधी मागच्या डिरेलरचा (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाचा) हँगर पाहावा आणि तसाच नवा हँगर प्रत्येकाने आपापल्या पिशवीत टाकावा. डिरेलर आणि फ्रेम यांना जोडणारा हा बोटाएवढा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा मुद्दामच कमकुवत ठेवलेला असतो, कारण दगडाचा दणका बसला तर फ्रेमऐवजी त्याने वाकावे किंवा तुटावे अशी ती योजना आहे. मागच्या खेपेस तो दोघांपैकी कोणाकडेही नव्हता आणि निम्मी वाट सायकल ढकलत काढावी लागली. मित्राकडे आहे, त्यावर भागेल, असे समजू नये. एका फ्रेमचा हँगर बहुधा दुसरीला बसत नाही. 2019 साली आलेल्या यूडीएच (युनिव्हर्सल डिरेलर हँगर) या समान मापामुळे नव्या सायकलींपुरती ही अडचण कमी झाली आहे, तरी दोन्ही फ्रेम त्याच मापाच्या आहेत हे स्वतः तपासावे. हँगरसोबत त्याचा बोल्ट आणि योग्य मापाची अ‍ॅलन की (षटकोनी चावी) हीही हवी. यूडीएचला 8 मिमीची लागते आणि खिशात मावणाऱ्या अनेक हत्यारसंचांत नेमकी तीच नसते.

एवढा आग्रह अशा वाटांमुळेच आहे. शतकानुशतके गाड्या गेल्याने चाकोऱ्या खोल झालेल्या असतात, आणि चाकोरीतून जाताना मागचा डिरेलर थेट तिच्या कडेच्या दगडांच्या उंचीवर येतो. चाकोरी ओलांडायची झाल्यास शक्य तितके आडवे जावे. तिरके गेल्यास पुढचे चाक तिच्यात अडकते. हँगर तुटलाच आणि दुसरा नसेल, तर चेन तोडून आखूड करून एकाच गिअरवर परतता येते. त्यासाठी चेन तोडायचे हत्यार म्हणजे चेनटूल आणि तुटलेली टोके जोडणारी, आपल्या चेनला चालणारी क्विकलिंक ही कडी हवी. मात्र मागे सस्पेन्शन असलेल्या सायकलवर चेनचा ताण सतत बदलत असल्याने हा उपाय नीट टिकत नाही. तेव्हा हँगर घ्यावाच.

पाण्याचा हिशेब घरीच करावा. जुन्या वाटा पुष्कळदा डोंगराच्या धारेवरून जातात, कारण तिथे जमीन कोरडी असते आणि ओढे ओलांडावे लागत नाहीत. म्हणूनच वाटेत पाणी मिळत नाही. तासाला किमान अर्धा लिटर धरावे, ऊन असल्यास अधिक. अंतर ठरवताना डांबरी रस्त्यावरचा आपला वेग निम्म्यावर आणावा, नाहीतर परतीला अंधार होतो.

ट्यूबलेस टायरमधले सीलंट (छोटी छिद्रे आपोआप बुजवणारा द्रव) काही महिन्यांत सुकते, म्हणून ते आदल्या आठवड्यात पाहावे. तरीही एक ट्यूब, पंप आणि मोठे छिद्र बुजवायचे प्लग घ्यावेत. हेल्मेट, खाणे, प्रथमोपचार हे सांगायला नको.

वाट सायकलींसाठी खुली आहे का, हे आधी विचारून घ्यावे. नकाशावर रेघ आहे म्हणून परवानगी आहे असे होत नाही. नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवावा. जुन्या फरसबंदीवर चाक घसटत ब्रेक लावू नये आणि पायऱ्यांवर सायकल उचलून न्यावी, कारण निखळलेला दगड पुन्हा तसा बसत नाही.

निघण्याच्या सकाळी ब्रेक आणि टायरमधली हवा पाहावी, परतीची वेळ घरी कळवावी आणि दोन्ही पिशव्या उघडून दोन्ही हँगर प्रत्यक्ष हाताला लागतात का ते पाहूनच निघावे.