विंगर व्हायचंय? ट्रायलला निघण्याआधी वाच

कोल्हापुरात पेठेच्या संघातून विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला खेळणारं प्रत्येक पोरगं कधी ना कधी आयएसएलचं (इंडियन सुपर लीगचं) स्वप्न बघतं. बघावं. भारतात तरुण पोराला व्यावसायिक फुटबॉलमध्ये शिरायला विंगइतकी मोकळी जागा दुसरी नाही. आयएसएलमध्ये एका वेळी मैदानात चारच परदेशी उतरवता येतात. क्लबांचा परदेशी खेळाडूंवरचा पैसा जातो तो बहुतेक मधल्या रांगेवर: सेंटर बॅक, सेंट्रल मिडफिल्ड आणि स्ट्रायकर. उरलेल्या कडा आपल्या वाट्याला येतात. छांगते, बिपिन सिंग, लिस्टन कोलासो, उदांता, विक्रम प्रताप ही नावं काढून बघ, सगळे कडेचे. (सुनील छेत्रीनंतर स्ट्रायकर कोण, ही रड त्याच हिशोबातून आली आहे.)

हा हिशोब आता सगळ्यांनाच कळलाय, हीच अडचण. ट्रायलला उभ्या असलेल्या पोरांत निम्मी तरी स्वतःला विंगर म्हणवतात आणि सगळी वाऱ्यासारखी पळतात. मिझोराम, मणिपूरची पोरं शेजारी पळताना पाहिली की आपल्या वेगाचं कौतुक तिथंच संपतं.

शाहू स्टेडियमवर तिघांना चकवून चेंडू बाहेर गेला तरी गॅलरी डोक्यावर घेते. मी त्याच टाळ्यांवर वाढलो, त्यामुळं ही सवय किती खोल असते ते मला ठाऊक आहे. ट्रायलच्या सामन्यात प्रशिक्षक वेगळंच बघत असतो. चेंडू येण्याआधी तू मान वळवून मागं बघितलंस का? अंग उघडं ठेवून चेंडू घेतलास, की साइडलाइनकडं तोंड करून स्वतःलाच कोंडून घेतलंस? क्रॉस मारताना डोकं वर होतं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुझा फुलबॅक, म्हणजे तुझ्या मागं त्याच कडेला बचाव करणारा, दोघांत सापडला तेव्हा तू कुठं होतास? अकादमीत पहिले काही महिने मला चेंडूबद्दल फार कुणी बोललंच नाही. चेंडू गेल्यावरची पहिली पाच-सहा पावलं कुठल्या दिशेला पडली, यावरच सगळी बोलणी खाल्ली. चेंडू तुझ्या पायात फार थोडा वेळ असतो. बाकी सगळा वेळ जागा सोडणं, जागा भरणं आणि मागं पळणं. हे ज्याला कंटाळवाणं वाटतं त्यानं दुसरी जागा शोधावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

डावखुरा म्हणून आयुष्यभर डावीकडंच अडकून राहू नकोस. छांगते डाव्या पायाचा, पण खेळतो उजवीकडून. गोव्याचा लिस्टन उजव्या पायाचा, तो डावीकडून आत घुसून गोलवर मारतो. दोन्ही कडांना खेळता येत असेल तर सामन्याच्या यादीत तुझं नाव लवकर लागतं. नुसतं आत वळणाऱ्याला मात्र समोरचा चांगला फुलबॅक लगेच ओळखतो, म्हणून बाहेरून जाऊन गोलरेषेवरून मागं पास देणंही रोज घोटव.

आता क्लब निवडण्याबद्दल. इथं मी जरा आग्रही आहे: नाव बघू नको, खेळायला मिळणारी मिनिटं बघ. छांगतेनं 2015 च्या सॅफ (दक्षिण आशियाई देशांच्या) स्पर्धेत अठराव्या वर्षी भारताकडून पदार्पण केलं आणि नेपाळविरुद्ध दोन गोल मारले. मग पुण्याचा डीएसके शिवाजीयन्स, तिथून लोनवर, म्हणजे उसना, नॉर्थईस्ट, पुढं दिल्ली, नॉर्वेत एका क्लबची ट्रायल, चेन्नईयिन. 2022 च्या जानेवारीत तो मुंबई सिटीकडं आला, तोही आधी लोनवरच. आयएसएलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला 2022-23 मध्ये. आपला अनिकेत जाधव कोल्हापुरातून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, 2017 चा सतरा वर्षांखालचा विश्वचषक खेळला. त्यानंतर त्या पोरांना महासंघाच्या तरुण संघातून, इंडियन अॅरोजमधून, आय-लीग या दुसऱ्या राष्ट्रीय लीगचे सामने मिळाले. संघ हरायचा, पण पोरं दर आठवड्याला मोठ्या माणसांविरुद्ध खेळायची. मोठ्या क्लबच्या बाकावर वर्ष घालवण्यापेक्षा हे कधीही बरं. लोनवर पाठवलं म्हणून तोंड पाडणारी पोरं मी बघितली आहेत. त्यांना बाकावरची जर्सी जास्त प्यारी असते.

शरीराचं थोडक्यात: विंगरची खरी वैरीण म्हणजे मांडीची मागची शीर, हॅमस्ट्रिंग. पूर्ण वेगात पळणं आणि एकदम थांबणं, हेच आपलं काम आणि त्यातच ती ताणते. नॉर्डिक व्यायाम (गुडघ्यांवर बसून, घोटे धरून ठेवून अंग हळूहळू पुढं सोडायचं) कंटाळा न करता कर. दुखत असताना पेठेच्या ईर्ष्येपायी खेळू नको.

कागदपत्रांत मात्र वेळ घाल. वयोगटाच्या स्पर्धांत टीडब्ल्यू3 चाचणी होते, मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय काढतात. जन्मदाखल्यात खाडाखोड करून देणाऱ्या ‘मामा’पासून लांब राहा. अठराच्या आत असशील तर फिफाच्या नियमानं करार तीन वर्षांपेक्षा जास्त नसतो, पुढं जास्तीत जास्त पाच. निदान दोन महिन्यांचे पगार थकले तर क्लबला लेखी नोटीस देऊन किमान पंधरा दिवसांची मुदत द्यायची, तरीही पैसे आले नाहीत तर करार सोडता येतो. एजंट भेटला की आधी फिफाचं लायसन्स विचार. नुसत्या नोंदणीच्या नावाखाली पैसे मागणारा भेटला तर उठून ये.

आणि 2025 विसरू नको. भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार संपत आला, नवा ठरेना, जुलैमध्ये आयएसएलचा हंगामच लटकला आणि काही क्लबांनी पगार थांबवले. स्टार खेळाडूंचीही पंचाईत झाली, तिथं नवख्या पोरांचं काय! म्हणून बारावी आणि पदवी बाहेरून का होईना, पूर्ण कर. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात, पण कुठल्या स्पर्धेचं प्रमाणपत्र कुठल्या पदाला चालतं हे ठरलेलं असतं. प्रत्येक स्पर्धेनंतर प्रमाणपत्र त्याच आठवड्यात संघटनेकडून मागून घे आणि क्रीडा खात्याकडून पडताळणी करून ठेव. पुढं पदाधिकारी बदलले की सही मिळवायला चपला झिजतात.