पेटीबाहेर लटकणाऱ्या माश्या

दुपारी मधमाश्यांचे घोसच्या घोस मधपेटीच्या तोंडाशी लटकू लागले, तेव्हाच ओळखलं, आत उकडतंय. अळ्यांना साधारण ३४-३५ अंश सेल्सिअस तापमान लागतं. त्यापुढे कामकरी माश्या पाणी आणून आत पसरवतात आणि पंखांनी वारा घालतात. म्हणून आधी पाण्याचं पाहिलं. सावलीत पसरट थाळी, तीत खडे. पाय टेकायला जागा नसेल तर माश्या बुडतात. खड्यावर बसून सोंड बुडवणारी माशी बघत राहावी अशीच! थाळी मात्र कोरडी पडू द्यायची नाही, नाहीतर त्या शेजाऱ्यांचा नळ धरतात आणि तिथून वळवणं अवघड. पश्चिमेला आडोसा केला, झाकणाखाली काड्या सारून बारीक फट ठेवली. भरदुपारी पेटी उघडणं बंद. घोस अजूनही धरतो, पण लहान.